सिंह हाइनरिशचे आजोळ

६ डिसेंबर १९८३ रोजी लंडनमधल्या सदबीज या लिलावगृहात एक पोथी विकली गेली. बोली थांबली ती ८१ लाख ४० हजार पौंडांवर. तोवर जगात कोणत्याही पुस्तकाला एवढी किंमत आली नव्हती. पश्चिम जर्मनीचे केंद्र सरकार आणि लोअर सॅक्सनी, बव्हेरिया ही राज्ये यांनी इतरांच्या साथीने पैसे उभे केले आणि ही पोथी मायदेशी नेली. आज ती वोल्फेनब्यूटेल गावच्या ग्रंथालयात आहे. बाराव्या शतकातल्या एका जर्मन सरदाराने आपल्या ब्राउनश्वाइग गावच्या चर्चसाठी ती लिहवून आणि रंगवून घेतली होती. त्याचे नाव हाइनरिश. इतिहास त्याला ‘सिंह हाइनरिश’ म्हणून ओळखतो.

या पोथीत एक पानभर चित्र आहे. हाइनरिश आणि त्याची बायको माटिल्डा गुडघे टेकून बसले आहेत आणि आकाशातून आलेले दोन हात त्यांच्या डोक्यांवर मुकुट ठेवत आहेत. दोघांच्या मागे त्यांची माणसे उभी आहेत. माटिल्डाच्या मागे तिचे वडील, म्हणजे इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, आणि त्याची आई. हाइनरिशच्या मागे त्याचे वडील, आई, आणि मग आजोबा व आजी. इथवर काही विशेष नाही. पण नावे वाचली की लक्षात येते की हे आजोबा-आजी वडिलांकडचे नाहीत. ते आईचे आईवडील आहेत, सम्राट लोथार आणि सम्राज्ञी रिशेन्झा. वडिलांकडचे आजोबाही बव्हेरियाचे ड्यूक होते, कमी तोलामोलाचे नव्हते. पण त्यांना चित्रात जागा नाही. हाइनरिशने स्वतःची ओळख सांगायला उभे केले ते आजोळ.

त्याने असे का केले असेल? सम्राट आजोबांचा मिरवण्याजोगा वारसा हे एक कारण उघडच आहे. पण त्याच्या घराण्याच्या जमिनींचा हिशेब मांडला की दुसरे, जास्त व्यवहारी कारण दिसते. त्याच्याकडे जे जे टिकाऊ होते, त्यातले बहुतेक घरातल्या बायकांकडून आलेले होते. जे पुरुषांकडून आणि राजाच्या हातून आले ते एका निकालात गेले.

हे समजण्यासाठी त्या काळच्या जर्मन जमीनधारणेतला एक फरक ध्यानात घ्यावा लागतो, आणि तो आपल्याला परका वाटू नये. सरदाराकडे दोन प्रकारची जमीन असे. एक ‘लेहेन’, म्हणजे राजाने सेवेच्या बदल्यात दिलेली. हा शब्दच उसने देणे या अर्थाच्या क्रियापदाशी जोडलेला आहे. ड्यूकपद, म्हणजे एखाद्या मोठ्या प्रांताचा अधिकार, हे असेच लेहेन. दुसरी ‘आयगन’, म्हणजे स्वतःची, कुटुंबाची. तिच्यासाठी कोणाची सेवा लागत नसे आणि राजाला ती सहजी काढून घेता येत नसे. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या इतिहासाची थोडीफार ओळख असलेल्या वाचकाला सरंजाम आणि वतन हा फरक आठवेल. सरंजाम हा फौजेच्या खर्चासाठी, निदान कागदावर तरी परत घेता येण्याजोगा, वतन पिढीजात. दोन्हीकडचे कायदे सारखे नव्हते, पण ‘दिलेले’ आणि ‘आपले’ यांतला ताण तोच.

फरक आहे तो निपुत्रिक घराच्या बाबतीत. आपल्याकडे मुलगा नसला की दत्तकाची वाट होती. बडोद्यात १८७५ साली जमनाबाईंनी कवळाण्याचा मुलगा दत्तक घेतला आणि तो सयाजीराव महाराज झाला, हे आपल्या मंडळींना सांगायला नको. मध्ययुगीन जर्मन सरदारांत ही वाट जवळजवळ नव्हती. तेथे मुलगा नसला की स्वतःची जमीन मुलीकडे जाई आणि ती लग्न करून जिथे जाईल तिथे जमीनही जाई. तेराव्या शतकात आयके फॉन रेपगो याने सॅक्सन लोकांचा रूढ कायदा ‘साक्सनश्पीगल’ या ग्रंथात लिहून ठेवला. त्यात मुलग्याचा हक्क मुलीच्या आधी आहे, पण मुलगा नसेल तर मुलगीच वारस. जमिनीचा सामान्य कायदा आणि लेहेनचा कायदा त्याने दोन वेगळ्या भागांत सांगितले, यावरूनच या दोन गोष्टी लोकांच्या मनात किती वेगळ्या होत्या ते कळते. (त्याच ग्रंथात आपल्या स्त्रीधनाची आठवण देणारी एक तरतूद आहे. अंथरुणे, तागाचे कापड, दागिने, मेंढ्या, बदके-हंस आणि बायका वाचतात ती प्रार्थनेची पुस्तके ही बाईची मिळकत. ती तिच्या मागे जवळच्या नात्यातल्या बाईकडेच जाई, मुलाकडे नाही.)

आता हाइनरिशच्या घराण्याकडे येऊ. घराण्याचे नाव वेल्फ. मूळ गाव दक्षिणेत, श्वाबिया प्रांतात. गंमत अशी, की हे नाव पुरुषांच्या वंशातून खाली आलेलेच नाही. १०५५ साली तिसरा वेल्फ निपुत्रिक वारला आणि मरताना सगळी मालमत्ता मठाला देऊन गेला. त्याची म्हातारी आई इमिझा हिला हे मान्य नव्हते. तिची मुलगी इटलीत एस्ते घराण्यात दिली होती. त्या मुलीचा मुलगा, म्हणजे आपला नातू, तिने आल्प्सच्या पलीकडून बोलावून घेतला आणि मठाला बाजूला सारून त्याच्या हाती घर दिले. तो चौथा वेल्फ. १०७० मध्ये तो बव्हेरियाचा ड्यूक झाला. सिंह हाइनरिश त्याचा पणतू. म्हणजे घराण्याचे नावसुद्धा आजीच्या हट्टामुळे टिकले.

चौथ्या वेल्फचा मुलगा ‘काळा हाइनरिश’. त्याने लग्न केले वुल्फहिल्डशी. तिचे वडील माग्नुस हे उत्तरेतल्या सॅक्सनीचे ड्यूक, बिलुंग घराण्यातले शेवटचे पुरुष. (हा सॅक्सनी म्हणजे आजचे सॅक्सनी राज्य नव्हे. जुना सॅक्सनी वायव्येला, आज ज्याला लोअर सॅक्सनी म्हणतात त्याच्या आसपास.) ११०६ मध्ये माग्नुस वारला. त्याला दोनच मुली, वुल्फहिल्ड आणि आयलिका. इथे वर सांगितलेला फरक स्वच्छ दिसतो. ड्यूकपद हे लेहेन, म्हणून राजाने ते दोन्ही जावयांना डावलून तिसऱ्याच माणसाला, लोथारला दिले. पण बिलुंगांच्या स्वतःच्या जमिनी मुलींत वाटल्या गेल्या. वुल्फहिल्डच्या वाट्याला ल्यूनेबुर्ग आले.

ल्यूनेबुर्ग म्हणजे नुसती शेतजमीन नव्हती. तिथे जमिनीखालून खारे पाणी येते आणि ते आटवून मीठ करण्याचा उद्योग दहाव्या शतकापासून चालू होता. बाल्टिक समुद्रात हेरिंग मासा अमाप मिळे, आणि मिठावाचून तो टिकत नसे. त्यामुळे ल्यूनेबुर्गचे मीठ ही उत्तर जर्मनीतली एक मोठी दौलत होती. पुढे सिंह हाइनरिशने तिची राखण किती कठोरपणे केली ते पाहा. आपल्याच एका मांडलिक काउंटच्या ओल्डेस्लो गावी मिठाचे झरे होते. ल्यूनेबुर्गचा धंदा बसतो म्हणून त्याने ते गोडे पाणी सोडून बुजवून टाकले, असे त्या काळचा इतिवृत्तकार हेल्मोल्ड लिहितो. आजीच्या वाट्याची किंमत नातवाला पुरेपूर कळत होती.

काळ्या हाइनरिशचा मुलगा ‘गर्विष्ठ हाइनरिश’, आपल्या नायकाचे वडील. (एका घरात तीन हाइनरिश, सोयऱ्यांत आणखी काही. टोपणनावांखेरीज या इतिहासात पाऊल टाकता येत नाही.) त्याने ११२७ मध्ये लग्न केले गेर्ट्रूडशी. ती बारा वर्षांची होती आणि ज्याला सॅक्सनीचे ड्यूकपद मिळाले होते त्या लोथारचे एकुलते एक अपत्य होती. लोथार एव्हाना जर्मनीचा राजा झाला होता आणि ११३३ मध्ये सम्राट झाला. पण गेर्ट्रूडच्या वारशातला मोठा भाग बापाचा नव्हता, आईचा होता.

ब्राउनश्वाइग हे गाव कसे फिरत आले ते सांगण्याजोगे आहे. ते ब्रुनोनी घराण्याचे. त्यातला शेवटचा पुरुष एकबर्ट १०९० मध्ये मारला गेला आणि जमीन त्याच्या बहिणीकडे आली. तिचेही नाव गेर्ट्रूड. तिने नोर्टहाइमच्या काउंटशी लग्न केले. त्यांची मुलगी रिशेन्झा. रिशेन्झाला आईकडून ब्राउनश्वाइग मिळाले आणि वडिलांकडून नोर्टहाइमच्या जमिनींचा वाटा. तिने लोथारशी लग्न केले. त्यांची मुलगी धाकटी गेर्ट्रूड. आणि तिचा मुलगा सिंह हाइनरिश. आजी, आई, मुलगी अशा तीन पिढ्या ब्राउनश्वाइग बाईच्या हातून बाईच्या हाती गेले आणि मग एका मुलाच्या हातात पडले. ज्या गावाला हाइनरिशने आपली राजधानी केली, जिथल्या वाड्यासमोर त्याने पितळेसारखा चकाकणारा कांस्याचा सिंह उभारला, जिथे तो पुरला गेला, ते गाव त्याच्या बापदादांनी कधी जिंकलेले नव्हते.

११३७ च्या डिसेंबरात लोथार इटलीहून परतताना आल्प्समध्ये वारला. मरताना त्याने सॅक्सनी जावयाला दिले. आता गर्विष्ठ हाइनरिशकडे बव्हेरिया आणि सॅक्सनी अशी दोन ड्यूकपदे होती आणि राजेपद आपलेच असे तो धरून चालला होता. त्याच्या या ताठ्यालाच घाबरून बहुधा बाकीच्या सरदारांनी श्टाउफन घराण्यातल्या कोनराडला राजा केले. कोनराड म्हणाला, एका माणसाकडे दोन ड्यूकपदे असणे योग्य नाही. गर्विष्ठ हाइनरिशने एकही सोडले नाही, आणि ११३८ मध्ये दोन्ही गेली. सॅक्सनी मिळाले आल्ब्रेश्ट ‘अस्वल’ याला. तो कोण? माग्नुसच्या दुसऱ्या मुलीचा, आयलिकाचा मुलगा. म्हणजे गर्विष्ठ हाइनरिशचा सख्खा मावसभाऊ. ११०६ च्या त्या दोन बहिणींच्या वाटणीचे भांडण अशा रीतीने पुढच्या पिढीत आले.

पुढच्याच वर्षी, ११३९ मध्ये, गर्विष्ठ हाइनरिश अचानक वारला. मागे लहान मुलगा. या घडीला मुलाचे सॅक्सनी वाचवले ते त्याच्या आजीने. विधवा सम्राज्ञी रिशेन्झाने आपल्या माहेरच्या आणि नवऱ्याच्या जमिनींवरच्या सरदारांना एकत्र केले आणि आल्ब्रेश्टला सॅक्सनीत पाय रोवू दिले नाहीत. सॅक्सन सरदारांना राजाने पाठवलेल्या ड्यूकपेक्षा या बाईचा शब्द जवळचा वाटला, कारण त्यांच्या कित्येक पिढ्या तिच्याच घराण्यांच्या चाकरीत गेल्या होत्या. ती ११४१ मध्ये वारली, पण तोवर लढाई जिंकल्यातच जमा होती. ११४२ मध्ये कोनराडने सॅक्सनी मुलाला दिले. त्याची किंमत मात्र मुलाच्या आईने मोजली. समेटाचा भाग म्हणून गेर्ट्रूडचे लग्न बव्हेरिया मिळवू पाहणाऱ्या बाबेनबेर्ग घराण्यातल्या आणखी एका हाइनरिशशी लावून दिले गेले. पुढच्याच वर्षी ती बाळंतपणात गेली. वय अठ्ठावीसच्या आत-बाहेर.

सिंह हाइनरिशचे पहिले लग्न झाले क्लेमेंशियाशी. ती नैर्ऋत्येकडच्या त्सेरिंगन ड्यूकच्या घरची. हुंड्यात बाडनवायलरचा किल्ला आला आणि त्याबरोबर १०० चाकर-शिलेदार आणि ५०० ‘हूफे’ जमीन. हूफे म्हणजे ढोबळमानाने एका शेतकरी कुटुंबाचे पोट भरेल एवढी शेती. शिलेदारही हुंड्यात मोजले जात, कारण हे लोक घोडेस्वार असले तरी स्वतंत्र नव्हते. जमिनीबरोबर त्यांचा धनी बदले.

बाडनवायलर काळ्या जंगलाच्या कडेला, सॅक्सनीपासून फार दूर. ११५८ मध्ये सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाने तो किल्ला हाइनरिशकडून घेतला आणि बदल्यात हार्त्स डोंगरातले हेर्त्सबेर्ग व शार्त्सफेल्स हे किल्ले आणि प्योल्डे ही जागा दिली. ही सगळी ब्राउनश्वाइगच्या जवळची. सौदा दोघांच्या सोयीचा होता. चार वर्षांनी, ११६२ मध्ये, कोन्स्टान्समध्ये हाइनरिश आणि क्लेमेंशिया यांचे लग्न मोडले गेले. कारण दिले गेले जवळच्या नात्याचे. चर्चच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे सातव्या पिढीपर्यंत सोयरीक निषिद्ध होती, जवळजवळ आपल्या सपिंड-विचारासारखी. आणि सरदार एकमेकांतच लग्ने करत असल्यामुळे हे नाते शोधले की हटकून सापडे. बार्बारोसाने स्वतःचे पहिले लग्न याच गावी याच कारणाने मोडले होते. आता त्याचे त्सेरिंगन घराण्याशी बिनसले होते, म्हणून त्यालाही हे हवेच होते. क्लेमेंशियाने नवरा इटलीत असताना सॅक्सनीचा कारभार पाहिला होता. तिला दोन मुली होत्या, मुलगा तान्हेपणीच गेला होता. बायको माहेरी गेली; तिच्या हुंड्याच्या बदल्यात आलेले किल्ले हाइनरिशकडे राहिले. त्याच्या चरित्रातला हा भाग त्याचे कौतुक करणारे लेखक भरभर उरकतात.

बार्बारोसा आणि हाइनरिश यांचे नाते मराठीत जितके नेमके सांगता येते तितके इंग्रजीत येत नाही. बार्बारोसाची आई युडिट ही गर्विष्ठ हाइनरिशची बहीण. म्हणजे सम्राट हा हाइनरिशचा आतेभाऊ आणि हाइनरिश सम्राटाचा मामेभाऊ. मामाच्या घरावर झालेला अन्याय दूर करावा असे बार्बारोसाने मनावर घेतले आणि ११५६ मध्ये बव्हेरिया हाइनरिशला परत मिळाले. ते ज्याच्याकडून काढले तो बाबेनबेर्गचा हाइनरिश, म्हणजे त्याचा एकेकाळचा सावत्र बाप. त्याची समजूत घालण्यासाठी बव्हेरियाच्या पूर्वेचा तुकडा तोडून ऑस्ट्रिया हे नवे ड्यूकपद केले गेले, आणि सनदेत लिहून दिले की हे पद मुलग्यांप्रमाणे मुलींनाही वारशाने मिळेल. लेहेनवर मुलींचा हक्क अशा स्पष्ट शब्दांत मान्य करणे ही तेव्हा मोठी गोष्ट होती.

पुढची वीस वर्षे हाइनरिशची. ११५८ मध्ये त्याने इझार नदीवरची मिठाची वाट आपल्या पुलाकडे वळवली. त्या जागेचे पुढे म्युनिक झाले. ११५९ मध्ये ल्यूबेक त्याने नव्याने वसवले. १ फेब्रुवारी ११६८ रोजी मिंडनच्या कॅथीड्रलमध्ये त्याचे दुसरे लग्न झाले, इंग्लंडची राजकन्या माटिल्डाशी. नवरी अकरा वर्षांची, नवरा तिशीच्या पुढचा. मुलीच्या लग्नासाठी इंग्लंडच्या राजाने आपल्या सरदारांवर खास कर बसवला. ब्राउनश्वाइगचे चर्चही त्यानेच उभारले.

मग भाऊबंदकी. धाकटा चुलता, सहावा वेल्फ, दक्षिणेतल्या मूळ वेल्फ जमिनींचा मालक. त्याचा एकुलता एक मुलगा ११६७ मध्ये रोमजवळच्या साथीत गेला. म्हाताऱ्याला खर्चाची सवय होती, पैसा हवा होता. त्याने पुतण्याला, म्हणजे हाइनरिशला, जमिनी विकत देऊ केल्या. हाइनरिशने हो म्हटले, पण पैसे देईना; म्हातारा आज ना उद्या जाणार आणि जमीन फुकटच येणार, असा त्याचा हिशेब, असे इतिवृत्तकार सांगतो. तेव्हा चुलत्याने दुसऱ्या बाजूला विचारले. बार्बारोसाही त्याच्या बहिणीचाच मुलगा, भाचा. भाच्याने रोख मोजले. वेल्फ घराण्याची मूळ जमीन अशी श्टाउफनांकडे गेली. म्हातारा त्यानंतर ११९१ पर्यंत जगला. पुरुषांच्या बाजूने हाइनरिशला जी ‘स्वतःची’ जमीन मिळायची होती, ती त्याने चिकटपणाने घालवली.

११७६ मध्ये सम्राट इटलीत अडचणीत होता. कियावेन्ना येथे त्याने हाइनरिशकडे फौज मागितली. हाइनरिशने बदल्यात गोस्लार मागितले, तिथल्या चांदीच्या खाणींसह. सम्राटाने नकार दिला आणि त्या मे महिन्यात लेन्यानोच्या लढाईत तो हरला. त्यानंतर हाइनरिशविरुद्ध सॅक्सन सरदारांच्या तक्रारी सम्राटाच्या दरबारात ऐकल्या जाऊ लागल्या. त्याला बोलावणी गेली. तो आला नाही. शेवटी ११८० च्या जानेवारीत व्युर्त्सबुर्ग येथे निकाल लागला की त्याची सगळी लेहेन जप्त. एप्रिलमध्ये गेल्नहाउझेन येथे सॅक्सनी तोडले गेले. पश्चिमेचा भाग कोलोनच्या आर्चबिशपला, आणि ड्यूकपद बेर्नहार्डला. हा बेर्नहार्ड आल्ब्रेश्ट अस्वलाचा मुलगा, आयलिकाचा नातू. दोन बहिणींचा तंटा शेवटी धाकट्या पातीने जिंकला असे म्हणायला हरकत नाही. सॅक्सनी हे नाव बेर्नहार्डच्या वंशजांबरोबर पूर्वेला सरकत गेले, म्हणून आज ते नकाशावर भलतीकडे दिसते. बव्हेरिया गेले विटेल्सबाख घराण्याकडे आणि १९१८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

११८१ च्या नोव्हेंबरात एअरफुर्ट येथे हाइनरिश सम्राटाच्या पायांवर पडला. आतेभावाच्या डोळ्यांत पाणी आले, असे लिहिलेले आहे. ड्यूकपदे परत मिळाली नाहीत. परत मिळाले ते ब्राउनश्वाइग आणि ल्यूनेबुर्ग, आणि आसपासच्या खासगी जमिनी. आजीकडचे मीठ आणि आईकडचे गाव. तीन वर्षांची हद्दपारी झाली. ती त्याने सासऱ्याकडे, नॉर्मंडीत आणि इंग्लंडमध्ये काढली. ११८९ मध्ये बार्बारोसा धर्मयुद्धावर निघाला तेव्हा त्याला पुन्हा देश सोडावा लागला. या वेळी माटिल्डा मागे राहिली, ब्राउनश्वाइगची जमीन सांभाळायला. २८ जूनला ती तिथेच वारली, तेहतिसाव्या वर्षी. आठवड्याभरात तिचे वडीलही गेले. हाइनरिश परतला, पुन्हा भांडला, आणि ६ ऑगस्ट ११९५ रोजी ब्राउनश्वाइगला वारला. दोघे त्याच चर्चमध्ये शेजारी शेजारी आहेत.

मरण्याआधी त्याने एक लग्न पाहिले. थोरल्या मुलाचे, याही हाइनरिशचे, ऱ्हाइन प्रांताच्या काउंट पॅलटाइनची एकुलती मुलगी आग्नेस हिच्याशी जमले होते. ती श्टाउफन घराण्यातलीच, बार्बारोसाच्या सावत्र भावाची मुलगी. तेव्हाच्या सम्राटाला, बार्बारोसाच्या मुलाला, हे लग्न नको होते. आग्नेसच्या आईने नवऱ्याच्या नकळत श्टालेकच्या किल्ल्यात ते उरकून टाकले. आधी संताप, मग समेट. आणि हाइनरिशच्या मुलाला सासऱ्याचे पद मिळाले. दुसरा मुलगा ओटो १२०९ मध्ये सम्राट झाला, पण टिकला नाही.

मात्र ज्या नियमावर घर उभे राहिले त्याच नियमाने ते मोडायची वेळ आली. थोरल्या मुलाला मुलगा उरला नाही, दोन मुली होत्या. १२२७ मध्ये तो वारला तेव्हा ब्राउनश्वाइगवर त्या मुलींचा दावा आला. त्या बाडेन आणि बव्हेरियाच्या घराण्यांत दिलेल्या होत्या. थोरलीचा हक्क सम्राट दुसऱ्या फ्रीडरिशने विकत घेतला. इकडे धाकट्या भावाचा मुलगा, ओटो, ‘मूल’ या टोपणनावाचा, ल्यूनेबुर्ग धरून होता आणि ब्राउनश्वाइगही आपलेच म्हणत होता. मरणाऱ्या चुलत्याने त्यालाच वारस नेमले होते. मुलींच्या हक्काने आलेली जमीन आता मुलींच्या हक्कानेच जाणार का, हा प्रश्न होता.

तोडगा निघाला ऑगस्ट १२३५ मध्ये माइन्त्सच्या दरबारात. ओटोने आपले ल्यूनेबुर्ग सम्राटाच्या हाती सोपवले. सम्राटाने त्यात विकत घेतलेला ब्राउनश्वाइगचा हक्क मिळवला, दोन्ही साम्राज्याला अर्पण केले आणि मग ते एकत्र करून ड्यूकपद म्हणून ओटोला परत दिले. जी कधीच लेहेन नव्हती, ती जमीन लेहेन झाली. पंचावन्न वर्षांनी वेल्फ पुन्हा ड्यूक झाले, पण ‘आपले’ दिलेल्यात बदलून. या सनदेतही लिहिले आहे की पद मुलग्यांना आणि मुलींनाही जाईल.

पुढची साडेचारशे वर्षे वाटण्या आणि पोटवाटण्यांची आहेत. त्यात शिरण्यात अर्थ नाही. एक पाती हॅनोव्हर गावी राहिली. १७१४ मध्ये तिच्या प्रमुखाला, गेओर्गला, इंग्लंडची गादी मिळाली. कशी? त्याच्या आईची आई इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाची मुलगी होती. पुन्हा आजोळच. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला, तेव्हा इंग्लंडच्या गादीवर असलेला तिसरा जॉर्ज त्याच वेळी ब्राउनश्वाइग-ल्यूनेबुर्गचाही राजपुरुष होता.

जुन्या मराठी घरांच्या पेट्यांत कधी कधी दोन तऱ्हांचे कंपनीचे रुपये सापडतात. १८३५ चा, चौथ्या विल्यमचा. आणि १८४० चा, ज्याला आपण राणीछाप म्हणतो. दोघेही सिंह हाइनरिशचे वंशज. विल्यम इंग्लंडचा आणि हॅनोव्हरचाही राजा होता. १८३७ मध्ये तो वारला तेव्हा इंग्लंड पुतणीला, व्हिक्टोरियाला मिळाले. हॅनोव्हरच्या घराण्याने मात्र एव्हाना नियम बदललेला होता: पुरुष वारस जिवंत असेतो बाईला गादी नाही. ते राज्य तिच्या चुलत्याकडे, एर्न्स्ट ऑगस्टकडे गेले.